मीरा-भाईंदर: कमावत्या वयाचा इतिहास

माणूस जन्मभर खातो. खाण्यापेक्षा जास्त कमावतो ती मात्र मधली काही वर्षे. ही वर्षे केव्हा सुरू होतात, केव्हा संपतात आणि उरलेल्या वयाचा खर्च कोण उचलतो, हे धंदा, कायदा आणि कुटुंब यांवर ठरते. मीरा-भाईंदरमध्ये मिठागरे आणि मासेमारी मागे पडून कारखाने व नोकरी पुढे आली, तशी कमावत्या वयाची हद्दही सरकली.

भाईंदर, नवघर, राई, मुर्धे या खाडीकाठच्या गावांत आगरी कुटुंबे पावसाळ्यात भात लावत आणि पाऊस सरला की मिठागरावर उतरत. बांध दुरुस्त करायचे, भरतीचे पाणी आत घेऊन तापवायचे, खाचरांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, मीठ धरले की लाकडी फळीने ओढून रास घालायची. मजुरी तयार मिठाच्या मापावर ठरे, त्यामुळे ती एकेकट्याची नसून घराची असे. पोरे हलक्या कामाला लागत, म्हातारी माणसे पाण्यावर नजर ठेवत. कोणी किती कमावले याचा वेगळा हिशेब नव्हता.

उत्तनच्या कोळीवाड्यात हिशेब वाट्यांचा होता. होडी-जाळ्याचा वाटा मालकाला, बाकीचा तांडेल (होडीचा म्होरक्या) आणि खलाशांत. समुद्रावर जाणे झेपेनासे झाले की पुरुष किनाऱ्यावर जाळी विणायला बसत. बोंबील वाळत घालणे आणि बाजारात विकणे हे काम बायकांचे. त्यांचे कमावते वय पुरुषांपेक्षा लांबत असे.

वयाची पहिली सरकारी रेघ कारखान्यांनी आणली. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, 1891 मध्ये ही मर्यादा नऊवर आणि 1948 च्या कायद्याने चौदावर गेली. घरच्या धंद्याला मात्र ही रेघ लागू नव्हती.

1980 नंतर मुंबईतल्या चाळींतून आणि देशभरातून माणसे मीरा-भाईंदरला राहायला आली. 1985 मध्ये नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत 5,20,388 असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 8,09,378 झाली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे उभे राहिले, तर बहुतेक नोकरदार लोकल पकडून मुंबईला जाऊ लागले. पगार एकाच्या नावावर येऊ लागला. शिक्षण लांबले तशी कमाईची सुरुवात विशीपलीकडे गेली आणि मुलांच्या फीचा व घराच्या हप्त्याचा भार कमावत्याच्या त्याच वर्षांवर पडला.

अशी वयानुसार बदलणारी कमाई आणि खर्च मोजण्याची पद्धत रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या अर्थशास्त्रज्ञांनी उभारली. तिला राष्ट्रीय हस्तांतरण लेखे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी 2013 मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. भारताच्या लेख्यांवर मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतही काम झाले. घरच्या धंद्याच्या उत्पन्नाचा साधारण दोन-तृतीयांश भाग ही पद्धत श्रमाचा धरते आणि तो घरातल्या कामकऱ्यांत वाटते. जुन्या मिठागरातल्या घराचा हिशेब असाच मांडावा लागेल. घरातला स्वयंपाक, मुलांचे संगोपन यांसारखे बिनपगारी काम मात्र मूळ लेख्यांत येत नाही.

या पद्धतीने काढलेल्या देशोदेशींच्या आलेखांत बालपणाची आणि म्हातारपणाची तूट, म्हणजे कमाईपेक्षा जास्त खर्च, सगळीकडे दिसते. ती भरून काढण्याच्या वाटा निराळ्या. तैवान आणि दक्षिण कोरियात मुलांच्या शिक्षणावर मोठा खर्च होतो. अमेरिकेत औषधोपचारामुळे म्हातारपणीचा खर्च चढत जातो. स्वीडनमध्ये वृद्धांचा भार प्रामुख्याने सरकार उचलते. भारतात मुलांचा आधार, साठवलेली मालमत्ता आणि झेपेल तितके काम यांवर वृद्धांची भिस्त असते. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना 1980 ची, तर केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना 1995 ची, दोन्ही गरजूंपुरत्या. 1995 च्याच कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत 58 हे वय ठरले, पण ते भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांसाठी. गाळ्यातला रोजंदारीचा कामगार, मासळी विकणारी बाई आणि रिक्षावाला यांना निवृत्तीचे ठरलेले वय अजूनही नाही. हातपाय चालतात तोवर त्यांची कमाई चालते.