संगणक शिक्षकाची सोबत : तरमणी ते पुणे

पहिला संगणक केव्हा आला, त्याची पूजा कोणाच्या हस्ते झाली, हे बहुतेक शाळांच्या इतिवृत्तांत सापडते. तो शिकविणाऱ्याला काही अडल्यास कोणाला विचारता येई, याची नोंद क्वचितच आढळते. गणिताच्या शिक्षकाला शिक्षक-दालनातच चार समविषयी भेटतात. संगणकाचा शिक्षक बहुधा एकटाच.

1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. इंग्रजी कळफलक, ‘बेसिक’ ही आज्ञांची भाषा आणि पाठीशी थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर शिक्षकाने वर्ग चालवावा अशी अपेक्षा होती. यंत्रांची मोजदाद झाली. शिक्षकांच्या संवादाचा विचार फार उशिरा झाला, असेच म्हणावे लागते.

या बाबतीत चेन्नईचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील तरमणी भागात 1962 साली स्थापन झालेली गणितीय विज्ञान संस्था आहे. याच परिसरात 1965 साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे शिक्षण संचालनालयही आहे. गणितीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ रा. रामानुजम यांनी शालेय गणिताकडे आवर्जून लक्ष वळविले; तमिळनाडूचा अभ्यासक्रम नव्याने आखणाऱ्या समितीतही ते होते. 2018 पासून आलेल्या तेथील गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ‘माहिती प्रक्रिया’ हे प्रकरण दिसू लागले. शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न येता नकाशा कमीत कमी रंगांत कसा रंगवावा, शक्यता न विसरता क्रमाने कशा मोजाव्यात, असे त्यातील प्रश्न. त्यांना खडू-फळा पुरतो. त्यामुळे संगणकीय विचार शिकविण्याचे काम एकट्या संगणक शिक्षकाचे न राहता गणिताच्या शिक्षकांकडेही आले. सोबत मिळाली ती अशी, काहीशा आडवाटेने.

महाराष्ट्रालाही हा धागा परका नाही. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाचा कारभार पुण्यातून चालतो, आणि रामानुजम त्याच्याशीही निगडित आहेत. या उपक्रमाच्या परिषदेत शाळेतील शिक्षक स्वतःच्या वर्गात केलेले प्रयोग मांडतात. व्याख्यान ऐकून परतणे आणि आपला फसलेला पाठ समव्यावसायिकांपुढे उलगडणे यांत अंतर आहे. हे दुसरे धैर्य एकट्याला सहसा होत नाही. लिथुआनियात 2004 साली सुरू झालेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धाही याच उपक्रमाने भारतात आणली. तिची कोडी आता मराठीत आणि तमिळमध्येही सोडविता येतात.