छत्र दुसऱ्याच्या डोक्यावर : मलिक अंबर आणि निजामशाहीची अखेर

मलिक अंबर म्हटलं की गनिमी कावा आणि जमीनधारा एवढं सांगून आपण बहुधा थांबतो. आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. फौज, खजिना, किल्ले सगळं हातात असताना हा माणूस स्वतः सुलतान का झाला नाही?

आधी माणूस पाहू. जन्म इ.स. १५४८च्या सुमारास, आजच्या इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे हातोहाती दख्खनला पोचला. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने. आणि बघा, हा चंगीजखानही एकेकाळचा हबशी गुलामच! धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरची चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० साली चांदबीबी मारली गेली आणि नगरचा किल्ला मोगलांकडे गेला. बालसुलतान बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत पडला. निजामशाही संपली, असंच कोणीही म्हटलं असतं. पण अंबराने राजघराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही. १६१०मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरींनी पाणी खेळवलं. १६२४मध्ये आपल्याच नगर तालुक्यातल्या भातवडीला, आजच्या भातोडीला, मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र आल्या. अंबराने तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीचा चिखल केला आणि दोघांनाही हरवलं. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. जहांगीरने तर अंबराच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारतोय, असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधी मिळालं नाही. १६२६मध्ये अंबर वारला तो ऐंशीच्या घरात, आणि खुलताबादला त्याची कबर झाली.

आता प्रश्नाकडे येऊ. तो गुलाम होता म्हणून सुलतान झाला नाही, हे उत्तर आम्हाला पटत नाही. १४९०मध्ये निजामशाही स्थापन करणाऱ्या अहमदचा बाप मलिक हसन हाही युद्धात पकडून आणलेला गुलामच होता. मग फरक कुठे पडला? आमच्या मते, सत्ता आणि अधिकार यांत. सत्ता म्हणजे हुकूम पाळायला लावण्याची ताकद. अधिकार म्हणजे तो हुकूम पाळणं योग्य आहे, असं पाळणाऱ्याला वाटणं. १६००नंतर दख्खनी, हबशी, मराठा अशा सगळ्या सरदारांच्या जहागिरी आणि इनामं निजामशहाच्या शिक्क्याने चालत होती. गादी जिवंत असेपर्यंत मोगल हा परका आक्रमक ठरत होता. अंबर स्वतः गादीवर बसला असता तर तो बंडखोरांतला आणखी एक झाला असता, आणि बरोबरीच्या सरदारांनी विचारलं असतं, मग आम्ही का नाही?

हे फक्त दख्खनेत घडलं असं नाही. मध्ययुगीन क्रोएशियात ब्रिबीरचा पावाओ शुबिच हा बान, म्हणजे तिथला राज्यपाल, असाच बलाढ्य होता. १३००मध्ये त्याने नेपल्सहून चार्ल्स रॉबर्ट हा बारा वर्षांचा मुलगा आणवला आणि हंगेरीच्या सिंहासनाकडे धाडला. स्वतः मात्र बानच राहिला. १३१२मध्ये तो वारला. दहाच वर्षांनी, त्याने आणवलेल्या त्याच राजाने त्याच्या मुलाला, म्लादेनला, कैदेत टाकलं.

उसन्या अधिकाराची किंमत ही अशी पुढच्या पिढीला मोजावी लागते. बापाचा दरारा मुलाला वारशाने मिळत नाही. अंबराचा मुलगा फत्तेखान याने आपल्याच सुलतानाला कैद करून मारलं, एका पोराला गादीवर बसवलं आणि १६३३मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं.

तरी प्रयोग थांबला नाही. तो पुन्हा झाला संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या किल्ल्यावर. शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या लहान मुर्तझाला तिथे गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. हे अंबराचंच राजकारण होतं, त्याच्याच फौजेत वावरलेल्या माणसाने केलेलं. तीनेक वर्षं ते तगलं. १६३६मध्ये ते पोर मोगलांच्या हाती गेलं आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले.

या पार्श्वभूमीवर १६७४चा रायगड पाहा. किल्ले, फौज, मुलूख शिवाजीराजांकडे आधीच होते. राज्याभिषेकाने त्यात एका गावाची भर पडली नाही. तरीही तो का करावा लागला, याचं उत्तर आम्हाला परांडा आणि पेमगिरीत दिसतं. दुसऱ्याच्या डोक्यावर छत्र धरून राज्य वाचवता येतं, पण ते टिकवायचं तर छत्र आपलं असावं लागतं. अंबराने राज्य वाचवलं, हे त्याचं मोठेपण. ते पुढे कोणाच्या नावाने चालायचं, याची सोय मात्र त्याला करता आली नाही.