बॅलार्ड पिअर ते भाऊचा धक्का : बोटीवरून उतरल्यावरची मुंबई

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचा, बॅलार्ड पिअरपासून माझगावच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतचा बंदरपट्टा. पणजी, वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी या बंदरांतून निघालेल्या आगबोटींचं हे उत्तरेकडचं अखेरचं ठाणं. विलायतेहून आलेल्या बोटी याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला लागत. आज क्रूझचा प्रवासी इथंच उतरतो आणि बहुतेक वेळा मोटारीत बसून थेट गेटवे गाठतो. त्यात त्याचं नुकसान आहे, कारण बंदराने घडवलेली मुंबई धक्क्याला लागूनच सुरू होते आणि ती पायी फिरूनच कळते. शिराळा, वाळवा, पाटण या डोंगरी मुलखातल्या वाचकाला हा पट्टा माहीत असायला हवा. त्याच्या कितीतरी आजे-पणज्यांची हयात याच रस्त्यांवर ओझी वाहण्यात गेली.

बंदराचा कारभार २६ जून १८७३ रोजी स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे आला. त्याचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचं नाव धक्क्याला आणि शेजारच्या वसाहतीला मिळालं. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाला, व्हिक्टोरिया डॉक त्याच दशकात आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीदगडाने समुद्र बुजवून सुमारे २२ एकर जमीन तयार करण्यात आली. तिच्यावर उभा राहिला तो बॅलार्ड इस्टेट.

उतारू ग्रीन गेटमधून बाहेर पडतो. गोदीला अशी रंगांच्या नावांची बरीच दारं आहेत : रेड गेट, यलो गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट. यलो गेटच्या नावाचं पोलीस ठाणंही आहे. गोदीच्या आत पासाशिवाय कुणाला सोडत नाहीत, तेव्हा पाहायचं ते भिंतीच्या बाहेरचं. ग्रीन गेटसमोरच्या बॅलार्ड इस्टेटची आखणी जॉर्ज विटेट यांची. एका उंचीच्या दगडी इमारती, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं. दक्षिण मुंबईत इतकी शिस्तशीर वस्ती क्वचितच दिसते. ब्रिटानिया अँड कंपनी हे १९२३ पासूनचं इराणी उपाहारगृह इथलंच. तिथला बेरी पुलाव खायला लांबून माणसं येतात. विलायतेच्या बोटी धक्क्याला लागत तेव्हा शेजारीच बॅलार्ड पिअर मोल हे रेल्वे स्थानक होतं. साहेब बोटीतून उतरून समोरच्या गाडीत बसे आणि शहरात पाऊल न टाकता पंजाबकडे निघून जाई. गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी २८ डिसेंबर १९३१ रोजी याच धक्क्यावर उतरले.

इथून दहा-बारा मिनिटं चाललं की हॉर्निमन सर्कल. १८३३ मध्ये पुरा झालेला टाउन हॉल, त्याच्या रुंद दगडी पायऱ्या, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. समोर गोल बाग आणि पलीकडे १७१८ चं सेंट थॉमस कॅथीड्रल. जुन्या किल्ल्याचा हा मध्य. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले गेले, पण सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. जवळच्या कॅसल बॅरॅक्सला, म्हणजे आजच्या आयएनएस आंग्रेला, बाहेरूनच पाहून पुढं जावं लागतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा इथं गोळ्या चालल्या होत्या.

उत्तरेकडे वळल्यावर सांगली-मिरजेकडच्या माणसाला जनरल पोस्ट ऑफिस ओळखीचं वाटेल. जॉन बेग यांच्या आराखड्यानुसार १९१३ मध्ये पुरी झालेली ही वास्तू विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेली आहे. बंदराच्या तोंडाशी आदिलशाही धाटणीचा घुमट उभा करायचं कुणाला सुचलं, याचं कौतुकच वाटतं. शेजारी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. याचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं आणि २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. क्रूझवाल्यांच्या सहली बहुधा इथं छायाचित्रं काढून मागं फिरतात. या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग इथून पुढं लागतो.

टर्मिनसच्या पूर्वेकडून गोदीच्या भिंतीला समांतर उत्तरेला जाणारा रस्ता पी. डिमेलो रोड. पूर्वीचा हा फ्रेअर रोड. आजचं नाव गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचं. गव्हर्नरचं नाव उतरून कामगार पुढाऱ्याचं नाव लागलेला हा रस्ता आहे, आणि त्याच्या डाव्या हाताला मशीद बंदर, दाणाबंदर, चिंचबंदर, भात बाजार या पेठा पसरल्या आहेत. जहाजातून आणि मालगाडीतून उतरलेलं धान्य, मसाले, साखर, लोखंड, सगळं इथल्या वखारींत जाई. ते नेणारी माणसं बहुतांशी साताऱ्या-सांगलीच्या घाटावरची. शिराळा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या साली वेगळ्या झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं ते १९६० मध्ये. वारणाकाठच्या चरण, आरळा, कोकरूड या बाजूच्या डोंगरउतारावर पाऊस भरपूर, पण पोटापुरती जमीन थोड्यांकडे. भाताची सुगी उरकली की माणूस कराड गाठी, तिथून रेल्वे धरी. मुंबईत गावच्या मंडळींची एक खोली असे. पाळीपाळीने तिथं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि पहाटे बाजारात टोळीत उभं राहायचं.

टोळीचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. मालमोटारीच्या फळीवर दोघे उभे असतात. ते गोणीचे दोन कान धरून ती उचलतात आणि खाली वाकलेल्या माणसाच्या पाठीवर, मानेच्या किंचित खाली ठेवतात. गोणी पाठीवर नीट बसली की तो पाय उचलतो. नीट बसली नाही तर खांदा हलवून आधी सारखी करून घेतो. वखारीत थप्पीपाशी पोचल्यावर तो वळतो आणि गोणी अशी सोडतो की ती खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावरच पडते. थप्पी सरळ चढली नाही तर ती माणसावर कोसळते, म्हणून तिथं नेहमी जुना गडी लागतो. पूर्वी शंभर किलोची गोणी सर्रास असे. मजुरीला वाराई म्हणत. ती मुकादमाच्या हातून मिळे. आजारी पडलेल्या किंवा पाठ गेलेल्या माणसाला काही मिळत नसे.

हे बदललं ते पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेमुळे. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ साली झाला. माथाडी मंडळं आली, मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरू लागले आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार या गोष्टी पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मिळाल्या. मुंबईच्या दर्शनीय स्थळांच्या कोणत्याही यादीत हा कायदा नसतो. तो असायला हवा; या शहराने देशाला दिलेल्या फार मोठ्या गोष्टींपैकी ती एक आहे. शिराळ्याशेजारच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. मिळेल ते काम करत ते याच श्रमिकांत वाढले. त्यांची ‘मुंबईची लावणी’ या शहराचं वैभव आणि दैन्य एकत्र मांडते.

पी. डिमेलो रोडच्या उजव्या हाताला, गोदीच्या भिंतीपलीकडे, व्हिक्टोरिया डॉकची जागा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास तिथं ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरल्या होत्या. आग आधी कापसाला लागली. तासाभरात दोन स्फोट झाले. सोन्याची एक वीट सुमारे मैलभर उडून एका घराच्या छपरातून आत पडली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगतात. त्यांत अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान होते, म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. गोदीत आणि वखारींत त्या दुपारी कामावर असलेल्या घाटावरच्या किती माणसांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती, हा विचार इथून जाताना टाळता येत नाही.

कर्नाक बंदरावरून पुढं माझगावला गेलं की भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला मूळ धक्का आणखी दक्षिणेला होता. गोद्या वाढत गेल्या तसा तो उत्तरेला सरकला. कोकणी माणसाची मुंबई इथं सुरू होत असे. कोकणच्या बऱ्याच बंदरांत आगबोट काठाला लागत नसे. पडावातून जाऊन, लाटेवर वरखाली होणाऱ्या फळीवरून चढावं लागे. रात्रभर डेकवर गाठोडी उशाला घेऊन, बोट लागलेल्यांना लिंबू देत माणसं सकाळी मुंबई पाहत. पावसाळ्यात कोकणची ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद असे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, पुढं चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’, मग मोगल लाइन असा हा प्रवास १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत; भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, काशाच्या खडकाजवळ बुडाली. त्यात सहाशेहून अधिक माणसं गेली.

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. धान्य, कांदा-बटाटा, मसाल्यांचे बाजार वाशीला आणि लोखंड बाजार कळंबोलीला हलले. बहुतेक टोळ्याही त्यांच्यामागून गेल्या. आता शिराळ्याचा माथाडी घणसोली, कोपरखैरणे भागात राहतो आणि नागपंचमीला सुट्टी काढून गावी येतो. मशीद बंदरात मात्र सुका मेवा, मसाले आणि किराण्याचा घाऊक व्यापार अजून आहे, हातगाड्याही आहेत. कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला; त्याच्या जागी बांधलेला सिंदूर पूल जुलै २०२५ मध्ये सुरू झाला.

प्रवासी जहाजं २०१८ च्या ‘आंग्रिया’पासून मुंबई-गोवा मार्गावर पुन्हा दिसू लागली. कॉर्डेलियाच्या सफरी २०२१ मध्ये सुरू झाल्या आणि बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, रेवसच्या लाँचा आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो सुटते. ग्रीन गेट ते भाऊचा धक्का ही वाट रेंगाळत चालली तर अर्धा दिवस घेते. रविवारी बॅलार्ड इस्टेट निवांत असतो, पण पेठा बंद. टोळीचं काम आणि थप्पी चढताना पाहायची असेल तर आठवड्याच्या दिवशी, सकाळी दहानंतर मशीद बंदरात पोचावं आणि हातगाडीला आधी वाट द्यावी.