मिशन रविवारी दिलेले पैसे जव्हार-मोखाड्याला जातात का?

ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार म्हणजे मिशन रविवार. वसईच्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी दानाची पिशवी फिरते. पिशवीत नोट टाकताना अनेकांना वाटतं की हे पैसे आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरात, जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या वसतिगृहात पोहोचतील.

थेट उत्तर द्यायचं तर, नाही. निदान सरळ रस्त्याने तरी नाही.

मग जातात कुठे?

कॅथलिक चर्चच्या कायद्यात (याला कॅनन लॉ म्हणतात) 791 क्रमांकाचं कलम आहे. प्रत्येक धर्मप्रांताने वर्षातून एक दिवस मिशनसाठी पाळावा आणि मिशनसाठी दरवर्षी वर्गणी गोळा करून ती रोमला पाठवावी, असं त्यात म्हटलंय. हा दिवस पोप अकरावे पायस यांनी 1926 मध्ये ठरवून दिला. जगभरातून आलेली ही रक्कम एका सामायिक निधीत जमा होते. तिथून ती आशिया, आफ्रिका आणि इतर भागांतल्या सुमारे 1100 मिशन धर्मप्रांतांना वाटली जाते. त्यामुळे वसईत टाकलेल्या शंभराच्या नोटेतून आफ्रिकेतल्या एखाद्या चॅपेलचे पत्रे येऊ शकतात, आणि युरोपातल्या एखाद्या आजीच्या पेन्शनमधून भारतातल्या सेमिनरीचा खर्च भागू शकतो.

यात लपवाछपवी काही नाही. ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या मिशनलाच पैसे दिले, तर ज्यांची कुणाशीच ओळख नाही त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, असा हा हिशेब आहे. पण देणाऱ्याला हे माहीत असायला हवं, एवढंच.

आणि ही पद्धत कुणा पोपच्या डोक्यातून आलेली नाही. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या पॉलिन जॅरिको या तरुण मुलीची ही कल्पना. ती ना नन होती, ना कुठल्या पदावर. दहा जणांचा एक गट करायचा, प्रत्येकाने आठवड्याला एक पैसा द्यायचा, मिशनसाठी प्रार्थना करायची आणि पुढे आणखी दहा जण जोडायचे. रेशमाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींपासून हे सुरू झालं. आजच्या भाषेत भिशी आणि 'दहा जणांना फॉरवर्ड करा' यांचं मिश्रण म्हणा. त्यातून 1822 मध्ये संस्था उभी राहिली, शंभर वर्षांनी रोमने ती आपल्या अखत्यारीत घेतली आणि मे 2022 मध्ये जॅरिकोला 'धन्य' घोषित करण्यात आलं. म्हणजे आज जगभर चालणाऱ्या या यंत्रणेची सुरुवातच मुळात एका सामान्य कॅथलिक बाईने केली आहे.

जव्हार-मोखाड्यासाठीच द्यायचं असेल तर?

मग वाट रोमची नाही, बिशप हाउसची. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला आणि किनाऱ्यावरच्या जुन्या धर्मग्रामांबरोबर जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू हा सगळा आदिवासी पट्टा त्याच्याकडे आला. एका टोकाला चारशे-साडेचारशे वर्षांची परंपरा सांगणारी चर्च, दुसऱ्या टोकाला सह्याद्रीतले पाडे. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटर.

या दोन तालुक्यांत 90 टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. अशा भागात मिशनचं काम म्हणजे रोजच्या व्यवहारात वसतिगृह, शाळा आणि दवाखाना.

पैसे देताना 'जव्हार-मोखाडा भागातल्या कामासाठी' असं स्पष्ट लिहून द्या आणि पावती घ्या. कशासाठी, असंही विचारा. वसतिगृहातल्या मुलांचं जेवण आणि चॅपेलची दुरुस्ती ही वेगळी कामं आहेत. दोन्हीला पैसे लागतात, पण कशाला द्यायचे हे तुम्ही ठरवू शकता. आयकरात सवलत हवी असेल तर आधी चौकशी करा. एका विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर सहसा वजावट मिळत नाही. नोंदणीकृत सामाजिक संस्थेला दिली तर मिळू शकते, तीही जुनी करपद्धत निवडली असेल तर. दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, त्यावर वजावट नाहीच.

घरातलं कुणी आखातात किंवा कॅनडात असेल तर एक बारकावा. परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, 2020 मध्ये कडक झाला. परदेशी निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र परदेशी देणगी धरले जात नाहीत. भावाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे पैसे परदेशी ठरतात, मग तो दर नाताळला घरी येत असला तरी. सद्भावनेने थेट मिशनच्या खात्यात टाकलेली अशी रक्कम त्या संस्थेलाच अडचणीत आणू शकते.

फारसा कुणी न सांगणारा आणखी एक मार्ग आहे. मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी आपण मिस्सा सांगतो आणि सोबत दान देतो. धर्मगुरूला रोज एकाच मिस्सेचं दान स्वतःसाठी ठेवता येतं, नाताळचा दिवस सोडून. त्यामुळे जिथे मिस्सांची रांग लागते, तिथले हेतू दुसऱ्या धर्मगुरूंकडे सोपवता येतात. ज्यांच्या पाड्यावर मिस्सा सांगणारंच कुणी नाही, अशा मिशनमधल्या फादरांना त्याचा आधार होतो. 'आमची मिस्सा मिशनमध्ये पाठवली तरी चालेल' एवढं ऑफिसात सांगून ठेवा.

वस्तू? आणि वेळ?

वापरलेल्या कपड्यांची गाठोडी हा आपला आवडता दानप्रकार. माझं मत विचाराल तर फोन केल्याशिवाय एकही पिशवी पाठवू नका. निवडणं, धुणं, वाटणं हे काम तिथल्याच सिस्टरांच्या अंगावर पडतं. त्यापेक्षा सुट्टीत पंधरा दिवस दहावीच्या मुलांना गणित शिकवणारा इंजिनिअर, किंवा महिन्यातून एकदा ठरल्या वारी येणारा दातांचा डॉक्टर जास्त कामाचा. ठरल्या वारी, हे महत्त्वाचं. एकदाच जाऊन फोटो काढून आलेल्यांची तिथे कमी नसते.

पण जव्हार आधीच तुमच्या दारात आहे

दिवाळीनंतर भात, नाचणी, वरईची कामं संपली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं बिऱ्हाड घेऊन खाली उतरतात. भिवंडीच्या वीटभट्ट्या, वसई-विरारची बांधकामं, नाक्यावरची रोजंदारी. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण ऑक्टोबरात पिशवीत नोट टाकतो, त्यातलेच काही जण जानेवारीत आपल्या वाडीत खणायला किंवा आपल्या बंगल्यावर विटा वाहायला आलेले असू शकतात.

इथे मिशनला साथ देण्यासाठी कुठलाही निधी लागत नाही. ठरलेली मजुरी पूर्ण आणि वेळेवर द्यावी लागते. साइटवर संडास आणि पाणी लागतं. आणि मुलं सोबत असतील तर त्यांना शाळेत नेणारं कुणीतरी लागतं. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायचाय म्हणून प्रवेश लांबवताही येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात बसवावं लागतं. हे मुख्याध्यापकांना माहीत असतं. भट्टीवरच्या आईला माहीत नसतं. सोबत जाऊन बोलणाऱ्या एका माणसामुळे मुलाचं वर्ष वाचतं.

वर्षभर वसतिगृह चालवणाऱ्या धर्मगुरूने मुलाला शाळेची गोडी लावावी आणि आपण त्याच्या बापाची मजुरी दोन महिने अडकवावी, तर आपल्या देणगीला कितीसा अर्थ उरतो?

हे धर्मांतरासाठी पैसे देणं झालं का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेऊ. राज्यघटनेच्या कलम 25 नुसार धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. स्वतः चर्चची भूमिकाही इथे ठाम आहे. मिशनकार्यावरचा आणि धर्मस्वातंत्र्यावरचा असे दोन दस्तऐवज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एकाच दिवशी, 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केले. श्रद्धा लादायची नाही आणि गैरमार्गाने कुणाला ओढायचंही नाही, असं पहिल्या दस्तऐवजातच लिहिलंय.

देणाऱ्यासाठी त्याचा सरळ अर्थ असा की मदतीला अट लावायची नाही. 'प्रार्थनेला आलात तर धान्य' असा प्रकार कुठे दिसला, तर त्याला पैसे देऊ नका.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक गोष्टही इथेच तपासू. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीचा अनुसूचित जमातीचा दर्जा आपोआप जातो, हे खरं नाही. धर्माची अट अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आहे, जमातींच्या आदेशात नाही. तशी अट आणावी ही राजकीय मागणी आहे.

जाऊन आलात, तर पोस्ट टाकायची का?

कामाची टाका, चेहऱ्यांची नको. वसतिगृहातल्या मुलीचा खाऊ घेतानाचा फोटो तुमच्यासाठी आठवण असेल. दुसऱ्या कुणीतरी तो उचलून 'धर्मांतराचा अड्डा' असं लिहून फिरवला, तर त्रास तुम्हाला नाही, तिला आणि तिच्या पाड्याला होतो. पाड्याचं नाव आणि लोकेशनही टाकू नका. गळणारं छप्पर, नवी पाण्याची टाकी, रिकामं पुस्तकांचं कपाट यांचे फोटो चालतील. आणि तेही टाकण्याआधी तिथल्या सिस्टरांना एकदा विचारा.