शिक्का कर्नलवर, चिठ्ठी उघडी : बूट आर्ग्युमेंटांचा इतिहास

१/ मे २०१७. अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा-पत्रकात सीव्हीई-२०१६-१०२७७ हा क्रमांक आला. नेक्सस ६ या फोनचा कर्नल अस्सल होता, त्यावरची डिजिटल सही अबाधित होती, बूटलोडर कुलूपबंद होता; तरीही केबल जोडून त्या फोनची सर्वोच्च सत्ता हस्तगत करता येत होती. सहीची तपासणी चुकली नव्हती. मग चोरवाट कोणती? तिचा माग काढायचा तर १९८१ पर्यंत मागे जावे लागते. (थ्रेड)

२/ यंत्राची कळ दाबताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच वसलेला प्रोग्राम. ते बूटलोडरला उठवते. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, मेमरीत आणतो आणि कारभार त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. पण जागा होणारा कर्नल अनभिज्ञ असतो. मूळ फाइल-प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे, संदेश कुठे दाखवायचे, पहिला प्रोग्राम कोणता चालवायचा, हे त्याला आधीच्या कारभाऱ्याने ठेवलेल्या चिठ्ठीतून कळते. या चिठ्ठीतील सूचना म्हणजेच बूट आर्ग्युमेंट.

३/ १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीत ही चिठ्ठी जवळजवळ कोरीच होती. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर ठरलेल्या पत्त्यावर आणून ठेवी आणि तिथे उडी घेई. पुढे रूढ झालेल्या प्रथेप्रमाणे सोबत एकच माहिती जाई : यंत्र ज्या ड्राइव्हवरून सुरू झाले, त्याचा क्रमांक. तो सेक्टर कोणी लिहिला, हे विचारण्याची सोयच नव्हती.

४/ १९९१ मध्ये लिनक्स अवतरले. सुरुवातीच्या काळात मूळ डिस्कचा क्रमांक कर्नलच्या पहिल्या सेक्टरमध्ये, ५०८ व ५०९ या बाइटांत लिहून ठेवलेला असे. १९९२ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो हा बूटलोडर आला आणि चिठ्ठीला खरे शब्द फुटले. वापरकर्त्याने टंकलेली ओळ लिलो मेमरीत ठेवी आणि ठरलेल्या जागी 'ए३३एफ' हा सोळा-आधारी अंक लिही. कर्नल तो अंक पाही आणि शेजारी दिलेल्या पत्त्यावरची ओळ वाचू लागे.

५/ त्या अंकावरून चिठ्ठी आहे एवढेच कळे. ती कोणाच्या हातची, हे कळत नसे. 'इनिट=' या शब्दापुढे शेलचा पत्ता लिहिला, की कर्नल नेहमीचा पहिला प्रोग्राम सोडून थेट शेल उघडी. पासवर्ड न विचारता सारे अधिकार हाती! विसरलेला पासवर्ड बदलण्यासाठी प्रशासक हीच युक्ती वापरत. तिच्यावर बंधन घालण्यासाठी लिलोत 'रिस्ट्रिक्टेड' हा पर्याय होता : यंत्र नेहमीसारखे सुरू होऊ द्यावे, मात्र चिठ्ठीत कोणी शब्द घालू लागला तर पासवर्ड मागावा. धोका नेमका कुठे आहे, हे तेव्हाही ठाऊक होते.

६/ एआरएम चिपांवर बायोस नव्हता. तिथे बूटलोडर 'एटॅग' नावाच्या याद्यांची साखळी मेमरीत ठेवी आणि तिचा पत्ता 'आर२' या रजिस्टरमधून कर्नलला देई. पुढे तिची जागा 'डिव्हाइस ट्री'ने घेतली. ही कल्पना सन कंपनीच्या ओपनबूटमधून आणि १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकातून आलेली. या वृक्षात 'चोझन' नावाची एक फांदी असते आणि तिच्यावर 'बूटआर्ग्ज' ही ओळ. कागद बदलला, मजकुरावरचा भाबडा विश्वास तोच राहिला.

७/ दरम्यान फर्मवेअर सावध होऊ लागले. एआरएमच्या ट्रस्टझोनने प्रोसेसरचेच दोन प्रांत केले, सुरक्षित आणि सामान्य. सुरक्षित प्रांतातील फर्मवेअर आधी उठते, पुढच्या प्रत्येक टप्प्याची सही पारखते आणि मगच सामान्य प्रांताचे दार उघडते. पीसीच्या जगात २०११ च्या यूईएफआय २.३.१ या मानकाने सिक्युअर बूटची पद्धत सांगितली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ती घरोघरी पोहोचली.

८/ इथे मराठीतला एक जुना शब्द आठवावा : शिक्कामोर्तब. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीस. पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवली तर ती परकी ठरे. सिक्युअर बूटने बूटलोडरवर शिक्का उमटवला, कर्नलवर उमटवला. मोर्तब राहिले. चिठ्ठी दर यंत्रागणिक वेगळी असते, म्हणून ती सहीबाहेर ठेवण्यात आली.

९/ नेक्सस ६ मध्ये नेमके हेच घडले. त्याचा बूटलोडर काही नोंदी फोनमध्ये जपून ठेवी आणि सुरू होताना त्या कर्नलच्या ओळीला जोडी. त्या नोंदींची छाननी होत नव्हती. नोंदीत एक मोकळी जागा सोडून पुढे 'इनिटआरडी=' आणि मेमरीचा एक पत्ता लिहिला, की कर्नल तो स्वतंत्र हुकूम समजे व त्या पत्त्यावर हल्लेखोराने केबलवाटे आणून ठेवलेली फाइल-प्रणाली मुकाट्याने स्वीकारी. कर्नलचा एक बाइटही बदलावा लागला नाही.

१०/ २९ जुलै २०२० रोजी पीसीची पाळी आली. एक्लिप्सियम या संस्थेने 'बूटहोल' हा दोष जाहीर केला. ग्रब २ हा बूटलोडर सहीचा. पण कर्नलची ओळ ज्या फाइलीत लिहिलेली असते, ती त्याची संरचना-फाइल बिनसहीची. प्रशासकाचे अधिकार मिळवलेल्या हल्लेखोराने त्या फाइलीत अवाढव्य शब्द घातला, की ती वाचतानाच ग्रबची मेमरी बिघडे आणि कर्नल येण्याआधीच यंत्र परक्याच्या हाती जाई. उपाय म्हणून ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांवरचा विश्वासच काढून घेण्याची वेळ आली.

११/ यावर तोडगे निघाले. अँड्रॉइडच्या पडताळणी-पद्धतीत कर्नलच्या ओळीचे तुकडे सही केलेल्या माहितीत ठेवता येतात. लिनक्सच्या 'युनिफाइड कर्नल इमेज'मध्ये कर्नल, आरंभीची फाइल-प्रणाली आणि चिठ्ठी एकाच फाइलीत बांधून तिघांवर मिळून सही होते. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून आलेली ओळ दुर्लक्षिली जाते. तिसरा मार्ग टीपीएम चिपचा. तो कोणाला अडवत नाही. कोणती चिठ्ठी दिली गेली याची न पुसता येणारी नोंद ठेवतो आणि चिठ्ठी बदललेली दिसली तर डिस्कची किल्ली देत नाही.

१२/ मोर्तब अखेर उमटले, पण त्याची किंमत आहे. 'इनिट=' लिहून पासवर्ड मोडणारा चोर आणि तोच शब्द लिहून स्वतःचे बंद पडलेले यंत्र वाचवणारा मालक, या दोघांची ओळ कर्नलला सारखीच दिसते. ओळ बंद केली की दोघांचीही वाट बंद होते. जिथे सहीची किल्ली मालकाच्या हाती असते, तिथे तो नवी चिठ्ठी लिहून तिच्यावर स्वतः सही करू शकतो. जिथे ती फक्त निर्मात्याकडे असते, तिथे विकत घेतलेल्या यंत्रालाही मालकाने निरोप धाडण्याची सोय उरत नाही.