जुन्या मोटारीची पारख

विकत घ्यावयाच्या जनावराची परीक्षा हे आपल्याकडे एके काळी शास्त्रच होते. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वग्रंथांत घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांची शुभाशुभ लक्षणे सांगितलेली असत, आणि सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत आजही दात पाहिल्यावाचून सौदा पुरा होत नाही. सरकारदरबारी मात्र एवढ्याने भागत नसे. हजिरीच्या दिवशी कोणाचे तरी मरतुकडे तट्टू आपले म्हणून उभे करावे आणि चांगल्या घोड्याचा तनखा उचलावा, ही सरदारांची हिकमत इतकी जुनी होती, की तिला आळा घालण्यासाठी अलाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग देण्याची व स्वाराचा चेहरा दप्तरी लिहिण्याची पद्धत सुरू केली, आणि पुढे अकबराला तीच पुन्हा अमलात आणावी लागली. अंग पाहणारी नजर आधी आली आणि दप्तर पाहणारी नजर तिच्या मागाहून आली. मोटारीच्या बाबतीतही क्रम हाच राहिला. फरक इतकाच, की एका नजरेकडून दुसरीकडे जाण्यात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची चाळीस-पन्नास वर्षे खर्ची पडली.

मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली परदेशी सुटे भाग जुळवून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. त्या काळी मोटार ही संस्थानिकांची, साहेबांची आणि बड्या व्यापाऱ्यांची चीज होती, व तिची पारख करण्याचा प्रसंग सामान्य माणसावर येत नसे. स्वातंत्र्यानंतर, ज्यांना गाडी येथेच क्रमाक्रमाने बनवायची असेल त्यांनीच या धंद्यात राहावे, असे धोरण १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीही येथून गाशा गुंडाळला. मागे राहिली ती मुख्यतः तीन नावे: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली, कुर्ल्याची प्रीमियर. लहान कुटुंबाची, बेताच्या पेट्रोलात चालणारी गाडी म्हणून पश्चिम हिंदुस्थानने जिला आपली म्हटले, ती या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली १०८९ सीसीची फियाट होय. तिच्या आधीच्या गोलसर अवताराला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि पुढचा अवतार १९७४ पासून पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला.

नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती मिळाल्यावर ठराविक मुदतीच्या आत दुसऱ्यास विकण्यावर निर्बंध होते. किंमत सरकार बांधून देई, आणि त्या किमतीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या बंदोबस्ताचा परिणाम असा विपरीत झाला, की रस्त्यावर उतरलेली, हातात असलेली जुनी गाडी कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीपेक्षा महाग पडू लागली. बांधलेल्या भावावरील रकमेस ‘ऑन’ म्हणत, व हा ऑन देण्याघेण्यात सभ्य गृहस्थांनाही फारसा संकोच वाटत नसे. जेथे माल मिळणे हीच कृपा, तेथे घेणारा ‘गाडी चांगली आहे काय?’ असे विचारीतच नाही; ‘ही दुरुस्त होईल काय, आणि किती खर्चात?’ एवढेच तो विचारतो. त्या काळच्या गाड्या फार मजबूत होत्या असे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या मजबूत नव्हत्या, दुरुस्तीस सोप्या होत्या, आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे व पुण्याच्या नाना पेठेत त्यांचा हरएक भाग मिळत असे.

म्हणून परीक्षेचा सारा अधिकार मिस्त्रीकडे आला. ओळखीच्या गॅरेजमधील मिस्त्रीला टॅक्सीत घालून, चहा पाजून, गाडी दाखवायला न्यायचे, आणि विकणाऱ्यासमोर आपण तोंड उघडायचे नाही, हा रिवाज होता. मिस्त्री आल्याबरोबर बॉनेटवर पंजा ठेवी. पत्रा उबदार लागला, म्हणजे थंड इंजिन सहजी सुरू होत नाही हे लपवण्यासाठी मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली, असा तर्क बांधून तो म्हणे, ‘शेठ, जरा वेळाने येतो, थंड होऊ द्या.’ मग डीपस्टिक काढून तिच्यावरील ऑइल अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळायचे: कण लागले तर बेअरिंग गेले, दुधाळ दिसले तर हेड गॅस्केटमधून पाणी उतरले. इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण उघडायचे. तेथून धूर ठोक्याठोक्याने बाहेर येऊ लागला, की ‘बॅक मारतंय’ असा निकाल होई, आणि रिंग-पिस्टनाचा व बोअरिंगचा खर्च तिथल्या तिथे किमतीतून वजा होई. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर मागे निळा धूर दिसला, तर तोही ऑइल जळत असल्याचाच पुरावा. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवायचे ते किंगपिनची झीज कळावी म्हणून, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना किती लटपटतो हे पाहायचे ते सांध्यांसाठी. मागून डिफरन्शियल रडत असेल, तर ते ऐकायला मिस्त्री मागच्या आसनावर जाऊन बसे.

पत्र्याची परीक्षा मात्र मुंबईत अधिक कठोर होती, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी आतून कुजते. पायाखालचे मॅटिंग उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकायचा. डिकीतील स्टेपनीखाली हात घालायचा. रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवायचा, आणि तो जेथे निसटेल तेथे पत्रा नसून लांबी (पुटी) भरली आहे असे समजायचे. रबराची पट्टी सोलून बिजागरीच्या कोनाड्यात डोकावले, आणि रंगाखाली पिवळ्या रंगाची कड आढळली, तर ही कधी काळी टॅक्सी होती हे सांगायला ज्योतिषी लागत नसे. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राला कोणी किंमत देत नसे. त्याची केबल काढून ठेवणे पोरालाही जमे, आणि ते पाच आकडी यंत्र लाखानंतर शून्यावर येई. त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवरील रबर किती गुळगुळीत झाले आहे, हे मिस्त्रीला अधिक विश्वसनीय वाटे.

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींनीही आपली एक भाषा घडवली होती. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरांची गाडी’, आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘पारशी मालक’: या दोन शब्दांनी भाव चढत असे. पारशी गृहस्थ रविवारी सकाळी बाह्या दुमडून स्वतः गाडी धुतो, ही प्रतिमा मुंबईत इतकी रुजली होती, की गाडीच्या गुणदोषांची चौकशी मालकाच्या चारित्र्याच्या चौकशीत विरून जाई. अशी चौकशी अगदीच अशास्त्रीय होती असे मात्र म्हणवत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकास मिळाली, आणि या विद्येला तडा गेला. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्याच चाकांना फिरवते, मागे डिफरन्शियल नाही, किंगपिन नाही, हे पाहून जुने मिस्त्री गोंधळले. काहींनी तिला पत्र्याचा डबा ठरवून हात लावण्याचे नाकारले. नव्या पिढीने नव्या खुणा शिकून घेतल्या: स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी हळू फिरवली असता पुढून टकटक आली, तर सीव्ही जॉइंट झिजला. १९९३ साली मोटारधंद्यावरील परवाना पद्धत उठली, १९९८ साली सँट्रो व पुण्याची इंडिका आली, टंचाई संपली, आणि जुनी गाडी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने स्वस्त झाली. २००१ साली तर मारुतीने ट्रू व्हॅल्यू या नावाने जुन्या गाड्यांचाच पद्धतशीर व्यापार मांडला.

याच सुमारास मुंबईवर २६ जुलै २००५ चा पाऊस कोसळला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले, असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असतील, या धास्तीने परीक्षेत एक नवे कलम वाढले. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहायचा, कारण त्याच्या गुंडाळीत खोल दडलेला गाळाचा पट्टा कोणी धूत नाही. आणि डॅशबोर्डखालच्या तारांच्या टोकांवर हिरवट थर आहे काय, हे बॅटरीच्या उजेडात तपासायचे.

कागदांकडे मात्र आपण फार काळ बेफिकिरीने पाहिले. हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर कोऱ्याच सह्या घेऊन गाडी एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाई, आणि आरसी बुकात नाव पहिल्याचेच राही. शेतजमिनीच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारा माणूस मोटारीच्या फेरफाराविषयी निर्धास्त असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हस्तांतराची खबर देण्याची मुदत घालून दिली होती, पण तिचे मर्म लोकांच्या गळी उतरवायला फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यावा लागला. गाडी तोंडी व्यवहारांत अनेकांकडे फिरली असली तरी अपघाताच्या दिवशी ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून शहाणा ग्राहक चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतो व बुकाशी ताडून पाहतो. बँकेचा बोजा असल्यास बेबाकीचा दाखला मागतो. आणि थकलेले ई-चलान मोबाइलवर तपासतो. यातून गाडीचे कुळ कळते. तिचा तळ कुजला आहे की नाही हे कळत नाही, त्यासाठी मॅटिंग उचलावेच लागते.

स्वस्त गाडीच्या व्यवहारात दप्तराचे वजन अलीकडे आणखी वाढले आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांपुरती वाढवून मिळते, आणि या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर निराळा. परिणामी तेराव्या-चौदाव्या वर्षातील अल्टो पाहायला आलेला माणूस प्रथम नोंदणीची तारीख विचारतो, उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने आकडा बोलतो, आणि तो आकडा मालकाला पटला तरच मिस्त्रीला फोन करतो.