हायपरव्हायजर : एक ऐतिहासिक टिपण
चिंचपोकळी-लालबागच्या गिरण्यांत एकेकाळी एकच वाफेचे एंजिन शाफ्ट व पट्ट्यांच्या योगाने शेकडो साचे चालवी. ते थांबले की अवघे खाते थांबे. एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालविणाऱ्या हायपरव्हायजरचीही गत तीच. आय. बी. एम. ने १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही अशी प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी तिला आवश्यक अशा यंत्ररचनेच्या अटी मांडल्या. इंटेलचे एक्स-८६ प्रोसेसर त्या पुऱ्या करीत नसत. ही उणीव भरून काढणारी 'व्हीटी-एक्स' सोय २००५ मध्ये आली. यजमान-यंत्र उभारताना ती बायोसमध्ये चालू आहे ना, हे प्रथम पाहावे लागते ते यामुळेच. एंजिनाचा जुना दोष मात्र तिने जात नाही. त्यासाठी दुसरे यजमान-यंत्र व दोहोंस सामाईक साठवण हवी. म्हणजे एक बंद पडताच त्यावरील सर्व्हर दुसऱ्यावर पुन्हा सुरू करता येतात. खर्चाच्या नावाखाली नेमके हेच बहुधा वगळले जाते.